आर्मेचर गेलंय

दहीपुलाच्या उतारावर, भांड्यांच्या दुकानांमागे
निकुंभ इलेक्ट्रिकल्स.
मिक्सर काउंटरवर ठेवला तर त्यांनी
बटण फिरवलंसुद्धा नाही. वाकून नुसता हुंगला
आणि म्हणाले, आर्मेचर गेलंय.

वैद्य नाडी तरी धरतो.

पावती मागितली. बल्बच्या खोक्याचा तुकडा फाडून
त्यावर लिहिलं : सिडकोवाल्या ताई.
म्हटलं, अहो, सिडकोत ताया फार आहेत.
चेहरा लक्षात राहतो, म्हणाले. मंगळवारी या.

मंगळवारी पार्ट आला नव्हता.
शुक्रवारी पार्ट होता, पोरगा आला नव्हता.
सोमवारी पोरगा होता, गल्लीत लाइट नव्हती.
नंतरच्या शनिवारी पार्ट, पोरगा, लाइट, सगळं जागेवर,
आणि निकुंभ साडूच्या दशक्रियेला रामकुंडावर.
आता यावर काय भांडणार?
उलट मीच विचारलं, वय काय होतं हो त्यांचं?

दुकानात पाय ठेवायला जागा नाही.
पोट फाडलेले पंखे, कान धरून टांगलेल्या इस्त्र्या,
कुणाचा तरी गिझर, त्याच्यावर मांजर.
पुराच्या दिवसांत आपण विचारतो ना,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?
इथं बंद पडलेल्या वस्तूंचं पाणी
निकुंभांच्या छातीला लागलंय
आणि ते मधोमध उभे, चष्मा कपाळावर, शांत.

एकदा चिडून म्हटलं,
सिंहस्थाच्या आत तरी मिळेल का?
हसले नाहीत.
बघतो, म्हणाले.

तोवर मी खोबरं-लसणाचा डबा घेऊन
बैरागीवहिनींच्या दारात.
पहिल्यांदा त्या म्हणाल्या, त्यात काय एवढं!
मग म्हणायला लागल्या, ठेवून जा.
मग त्यांच्याही मिक्सरचा आवाज बदलला
आणि त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या.

हे म्हणतात, नवीन घे, हप्त्यावर मिळतो.
कळतं मला. पण तीनशे ॲडव्हान्स दिलेत
आणि आता प्रश्न चटणीचा राहिलेला नाही.

बाविसाव्या दिवशी मिळाला. साडेसहाशे.
पिशवीत घालून, रिक्षात मांडीवर घेऊन आणला,
दवाखान्यातून पोर आणावं तसा.

रात्री भांडं घासताना बोटांना नाव लागलं.
सौ. यमुना भ. कापडणीस, सटाणा.

माझ्या भांड्यावर आईनं नाव घालून घेतलं होतं :
चि. हेमलतास, आईकडून.
'स'चा काना अर्धवट राहिलेला,
नाव घालणाऱ्याला जेवायची घाई होती तेव्हा.

परत दहीपूल.
फिरतंय ना? निकुंभ म्हणाले.
फिरतंय.
मग?
मी भांडं पुढे धरलं. चष्मा कपाळावरून खाली आला,
बराच वेळ वाचलं त्यांनी, ओठ हलवत.
सटाण्याचे म्हातारे. एस.टी.नं आले होते,
लेकीकडे मुक्काम करून घेऊन गेले.
फोन नंबर?
चेहरा लक्षात आहे, म्हणाले.

दोनदा सोड्यानं धुतलं, उन्हात उपडं घातलं.
तरी झाकण उघडलं की आधी
त्यांच्या घरचा वास येतो.
काळा मसाला, पण दगडफूल आमच्यापेक्षा जास्त.
वाईट नाही.
तिकडे यमुनाबाई रोज सकाळी
माझ्या आईचं काय वाचत असतील, कोण जाणे.

फ्रीज हल्ली रात्री दातओठ खातो.
मी उठते, अंधारात त्याच्या दारावर हात ठेवते.
अजून चार वर्षं काढ रे, म्हणते.
तुझ्यात आर्मेचर असतं की नाही
मला ठाऊक नाही.